अगबाई, पाणी!

—ओल ना, हो हो, ऐकलं मी, तुमच्या छताला, पंख्याच्या डावीकडे, ताटाएवढी — पण ताई, आधी आत तर या! दारात उभं राहून कुणी ओलीबद्दल बोलतं का? चपला असू द्या. नाही, काढाच, आज तीनदा फरशी पुसलीये. आणि पाय जरा हळू टाका, म्हणजे टाकीत अजून कुणी नाहीये, पण मला सवय व्हायला हवी. बसा. त्या खुर्चीच्या पायांना खालून कापड चिकटवलंय, सरकवून बघा, आवाज येतो? नाही ना! दचकतात हो ते. कोण म्हणजे? मासे! आज येणारेत, चार वाजता. डिस्कस. बशीसारखे गोल, सहा आहेत. आता किती वाजले — तीन वाजून वीस? बाई गं. तुम्ही आलात ते फार बरं झालं, नाहीतर मी चौथ्यांदा फरशी पुसली असती. आणि ओलीचं म्हणाल तर या इमारतीचे पाइप जुने आहेत, दुसरं काय असणार!

ही बघा टाकी. चार फूट. साडेतीनशे लिटर — हो, बरोबर तुमच्या पलंगावरच येते. अहो, घाबरता काय! खाली तुळई आहे, इंजिनीअर बोलावून दाखवलंय, तो म्हणाला, सिस्टर, इथे हत्तीचं पिल्लू ठेवलंत तरी चालेल. मला सगळे सिस्टरच म्हणतात. तेहतीस वर्षं हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत — काचेच्या पेट्या, आत मूठभर जीव, तापमान बघ, नळी बघ, नोंद कर, परत तापमान बघ. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात हात असे रिकामे झाले ना, की एके दिवशी मी फ्रिजचं तापमान लिहून ठेवलं. दर तासाला! हसा, हसा. मीही हसले. मग आली ही टाकी. पाणी एकोणतीस अंश, ना अठ्ठावीस ना तीस. दोन हीटर, एक बंद पडला तर दुसरा. तीन थर्मामीटर, कारण दोन असले की ते भांडतात, कुणाचं खरं ते कळायला तिसरा लागतो.

आणि हे सगळं एका दिवसात होत नाही बरं का. नऊ आठवडे लागलेत. ही वाळू मी बादली बादलीने धुतली, वरचं पाणी नितळ होईपर्यंत, हात सोलवटले. हे लाकूड बुडायलाच तयार नव्हतं, दहा दिवस त्याच्यावर वरवंटा ठेवून बसले होते, पाणी चहासारखं झालं. या झाडाला अनुबियास म्हणतात. याची मुळं वाळूत पुरायची नाहीत, लाकडाला बांधायची. बघा ती गाठ, दिसते? टाके घालतात तशी गाठ आहे, सुटायची नाही! ते उंच गवत मागे, म्हणजे माशांना लपायला. आणि मग, ताई, पुढे काहीच करायचं नाही. थांबायचं. टाकी पिकवायची. त्या फिल्टरमध्ये डोळ्यांना न दिसणारे जीव तयार होतात, ते माशांची घाण खातात, आणि ते तयार व्हायला सहा सहा आठवडे लागतात. मी रोज सकाळी एका नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग बघायचे. हिरवा आला की विष आहे. हिरवा, हिरवा, हिरवाच — आणि मग एका गुरुवारी पिवळा! स्वच्छ पिवळा! मी एकटी स्वयंपाकघरात नाचले हो, गुडघ्याचं दुखणं विसरून. खाली आवाज आला असेल ना? तो मीच.

हे सगळं मला कुणी शिकवलं? ते उंचसे, पांढऱ्या केसांचे, दोनतीनदा जिन्यात दिसले असतील बघा तुम्हाला. इलेक्ट्रिशियन? अहो, इलेक्ट्रिशियन काय, ते आमचे ड्रायव्हर! ॲम्ब्युलन्सचे. मासे त्यांचेच. बारा वर्षं पाळलेत. पण मुलाला आता जुळं होणार आहे, घर दोन खोल्यांचं, टाकीच्या जागी पाळणे येणार — दोन पाळणे! — मग त्यांनी मला फोन केला, सिस्टर, काचेच्या पेटीतले जीव सांभाळणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. झालं. मी, जिच्या खिडकीत साधी कुंडी टिकली नाही, ती एका दमात हो म्हणून बसले. त्यांच्या फिल्टरमधला ओला स्पंज त्यांनी डब्यात घालून आणला, त्याने टाकी लवकर पिकते. मी तो डबा उघडला, मला वाटलं खाऊ आहे. नाही, चाखला नाही! पण चमचा घेतला होता.

माणूस कसा आहे म्हणता? सांगते. एकदा लांबच्या दवाखान्यातून एक बाळ आणायचं होतं, साडेआठशे ग्रॅम, माझ्या या तळव्यावर मावेल असं. आणि वाटेत पेटीची बॅटरी गेली. ऐन उन्हाळा. यांनी गाडीच्या सगळ्या काचा बंद केल्या आणि हीटर लावला. पूर्ण! बाळाला ऊब हवी म्हणून. दीड तास. मी मागे बाळाला छातीशी धरून, आणि पुढे हे, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पण एकदासुद्धा काच खाली केली नाही. नुसतं विचारत होते, सिस्टर, गुलाबी आहे का? मी म्हणायचे, गुलाबी आहे. पाच मिनिटांनी परत, गुलाबी आहे का? बाळ जगलं हो, आता दाढी आलीये त्याला. तेव्हा यांची बायको होती, भली बाई होती, मी मनात वेगळं काही आणलं नाही. खरंच नाही आणलं. म्हणजे — एकदा आणलं. सिग्नलला. एक मिनिटभर. मग हिरवा झाला. हे मी तुम्हाला का सांगितलं? विसरा ते. ती गेली, त्याला सहा वर्षं झाली.

तीन पस्तीस! पाण्यात हात घालून बघा ना, कोमट लागतं? लागतं ना! नाही, तुमच्या ओलीचं मी विसरले नाहीये. ताई, खरं सांगू का? पाइप जुने नाहीत. म्हणजे असतील, पण ते नव्हेत. मीच केलं ते. मंगळवारी. अर्धी बादली पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं, नळी टाकीत, नळीचं दुसरं टोक बादलीत, आणि फोन कानाला, कारण रोज पाच वाजता त्यांचा फोन येतो, पाणी किती काढलं, झाडं कशी आहेत, ती गोगलगाय कशी आहे — झाडांबरोबर एक आली होती, आता चौदा आहेत, जाऊ दे. तर ते म्हणाले, सिस्टर, या माशांची एक अडचण सांगायची राहिली. म्हटलं, सांगा. म्हणाले, ते मालकाशिवाय जेवत नाहीत. मला वाटलं, माहितीच देताहेत! मी पेन शोधायला लागले, लिहून घ्यायला! म्हटलं, मग काय करायचं असतं? तर म्हणाले, मला वाटतं, मालकालाही आणावं लागेल. कायमचं. आणि मग म्हणाले, सिस्टर, इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, मारू का? आणि मारली. माझं नाव हो! फोनमध्ये! एकोणसाठ वर्षांची बाई मी, असं वाटलं, हे कुणाचं नाव, किती छान आहे. मी फोन दोन्ही हातांनी धरलेला. नळी चालूच. बादली भरली, वाहिली, माझे पाय ओले झाले, ते पाणी थेट तुमच्या पंख्याच्या डावीकडे गेलं, आणि मी माझ्या माणसाला काय उत्तर दिलं? म्हटलं, अगबाई, पाणी! आणि फोन ठेवून दिला.

माझ्या माणसाला म्हटलं का मी? तसं नव्हे, बोलण्याच्या ओघात आलं.

पुढे काय होणार! दुसऱ्या दिवशी पाच वाजता फोन. पीएच किती? म्हटलं, साडेसहा. म्हणाले, छान. तिसऱ्या दिवशी पीएच किती? साडेसहा. छान. चार दिवस, ताई, आम्ही दोघं फक्त साडेसहा साडेसहा करतोय! त्यांनी परत विचारलं नाही, मी आकड्यापुढे सरकेना. आणि बोलू काय? मी तेहतीस वर्षं एकटीने जेवलेय, एक ताट, एक पेला, रेडिओ माझ्या आवडीचा. रात्री घोरते का मी, हे मलाच माहीत नाही, कोण सांगणार! भीती वाटते हो. दुसऱ्यांची बाळं रात्रभर सांभाळली, पण सकाळी ती त्यांच्या आयांकडेच दिली ना. माझं असं घरी कुणी आलंच नाही. आणि तरी परवा मी कपाटाचा अर्धा खण रिकामा केला. उगाच, झुरळं झालीत का बघायला. झुरळं नव्हती. खण तसाच ठेवला. उशीला नवा अभ्रा घातला. दुसऱ्या उशीला. म्हणजे उत्तर तयार आहे, तुम्ही म्हणता तसं — तुम्ही काही म्हणाला नाहीत, बरोबर — पण तुमच्या चेहऱ्यावर आलं.

गाडी! गाडी थांबली ना खाली? तेच, दाराचा आवाज ओळखते मी. थांबा, खिडकीतून बघते — तेच आहेत. इस्त्रीचा शर्ट! केस ओले करून बसवलेत! हातात थर्माकोलची पेटी, अशी धरलीये जशी — अय्या. पेटीच आहे फक्त. दुसऱ्या हातात काही नाही. बघा ना तुम्ही, तुमची नजर चांगली आहे. बॅग नाही ना? नाही. असं कसं, मग मासेच आणले फक्त? चार दिवस साडेसहा म्हटल्यावर आणखी काय आणणार ते! अहो! अहो, वर बघा, इकडे, खिडकीत! तुमची बॅग कुठंय? बॅग, बॅग! मला नका विचारू कसली, तुमच्या कपड्यांची! मालकाची! होय म्हणतेय मी, होय! बघू दे की लोकांना, मी काय चोरी करतेय? काय म्हणाले ते? ताई, काय म्हणाले? गाडीत आहे? मागच्या सीटवर? मंगळवारपासून? बाई गं, या माणसाला — अहो, मग घ्या ना ती! नाही, आधी मासे! पेटी हलवू नका! दोन्ही घ्या, पण हळू या, तिसरी पायरी फुटकी आहे!

ताई, उठा आता, निघा. तुमचं छत ते रंगवतील, पुढच्या रविवारी, ब्रश मी धरते. दार ओढून घ्या जाताना. नको, नको, उघडंच राहू द्या, त्यांचे दोन्ही हात भरलेत.