कडीचा डबा

राजेश्री : मग इतके दिवस लेकरानं शाळेत खाल्लं कशात? गुलाबी डबा तर फळीवर जशास तसा हाय. वर धूळ बसलीय.

महारुद्र : कडीच्या डब्यात.

राजेश्री : रानात नेता त्या?

महारुद्र : दुसरा कोणता हाय आपल्या घरी? तू चुडाव्याला आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलीस, मागं मी न् सृष्टी. त्या गुलाबी डबीत धपाटं मावंना. अन् मोडकं धपाटं देऊन लेकरू घराबाहेर कसं धाडावं?

राजेश्री : घडी घालायची असती, अहो.

महारुद्र : घडी घातली का तुकडेच व्हायलेत माझ्या धपाट्याचे. तुझ्यासारखं मऊ कुठं येतंय मला.

राजेश्री : बरं, कडीच्या डब्यात किती घालायचेत?

महारुद्र : भरून.

राजेश्री : भरून म्हणजे?

महारुद्र : भरून म्हणजे भरून. दोन घातले तर तळाला खुळखुळ करायले. अर्धा रिता डबा हातात देऊन लेकीला वाटंला लावायचं, बरं दिसतंय का? माय माझी रानातल्या बायांची न्याहारी बांधायची, तसा दाबून भरला. वर चटणी, कांदा, घट्ट दही.

राजेश्री : दुसरीतलं लेकरू हाय ते. कापूस वेचायला चाललंय का?

महारुद्र : पर डबा रोज चाटूनपुसून यायलाय. इचार तिला.

राजेश्री : तिला काय इचारू, तिच्या मॅडमनीच कळवलंय. रात्री आलंय मोबाईलवर. ऐका. "सृष्टीच्या डब्यात कृपया एका मुलापुरतंच द्यावं. बाकीच्या मुलांचे डबे न खाता घरी परत जात आहेत. त्यांच्या आया विचारतात." वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पिंगळीहून व्हॅन लावून लेकरू परभणीला धाडतो आपण, अन् तिथले म्हणतील, ही खेड्यातली माणसं गाव जेवू घालायला निघालीत.

महारुद्र : म्हणू दे की. जेवू घातलं म्हणून कुणाची बदनामी झालेली ऐकली न्हाई मी.

राजेश्री : सृष्टे, वेणी घालायला ये. अन् आज हा गुलाबी डबा न्यायचा. दोन धपाटे, शेंगदाण्याची चटणी. बास.

सृष्टी : मग मला डबाच नको.

राजेश्री : का गं?

सृष्टी : नको म्हणजे नको. मला भूक नसती दुपारी.

राजेश्री : कालपर्यंत अख्खा कडीचा डबा फस्त करायलीस, अन् आज भूक मेली?

सृष्टी : मी एकटी थोडीच खाते. मी दीडच खाते. बाकीचं ते सगळे खातात.

राजेश्री : सगळे म्हणजे कोण?

सृष्टी : संघप्रिया, वैष्णवी, आदिनाथ. आदिनाथ तर कांदा पण खातो. घरी शिवत नाही म्हणे.

महारुद्र : घे. पोराला कांदा शिकवला आपण.

राजेश्री : तुमी गप बसा जरा. अन् आधी, मी डबा द्यायचे तवा, कुणासंगं बसायचीस?

सृष्टी : कुणासंगंच नाही.

राजेश्री : म्हणजे?

सृष्टी : खिडकीपाशी. त्यांचे गट पहिलीपासूनचे आहेत ना. मी यंदाच आले. मी 'लय' म्हटलं की हसायचे. मग मी बोलतच नव्हते. डबा उघडायचा, खायचा, बंद करायचा.

राजेश्री : मला तर रोज सांगायचीस, सगळं बरंय.

सृष्टी : तू विचारायचीस, डबा खाल्ला का. मी म्हणायचे, खाल्ला. खरंच खायचे.

महारुद्र : अन् कडीचा डबा कसा उघडला, ते सांग आईला.

सृष्टी : उघडतच नव्हता. कडी लय घट्ट. मग एका बाजूनं वैष्णवीनं धरला, एका बाजूनं संघप्रियानं ओढला. उघडला तर सगळीकडं वास. मला एकटीला एवढं संपणार होतं का? मी म्हटलं, बसा गोल करून. बाबांचं गाणं पण म्हटलं.

राजेश्री : कोणतं गाणं?

सृष्टी : सोडा सोडा फडकी, बसा बायांनो गोल धरून,
एकलीचा घास न्हाई जात गळ्याखालून.

राजेश्री : ही तर आत्याबाईंची ओवी. खुरपताना म्हणायच्या.

महारुद्र : माझ्या मायचीच. वेणी का थांबली तुझी?

राजेश्री : गुंता हाय केसांत.

महारुद्र : बराच हाय म्हणायचा.

राजेश्री : पर तुमी लेकराला अर्धंच शिकवलं. न्याहारीला काय एकीच्याच फडक्यातलं खातेत का? समद्याजणी आपापलं सोडतेत. मी नवी नवरी, पहिल्यांदा रानात गेले, तर पदराआड धरून खायलते. कस्तुराबाईनं तिची अंबाडीची भाजी माझ्या भाकरीवर टाकली अन् माझं बेसन न इचारता उचललं. तवा कुठं मी त्या बायांतली झाले. एकानं घालायचं अन् बाकीच्यांनी खायचं, ते लग्नातलं जेवण. हात धुतले की ज्याचा तो मोकळा.

महारुद्र : हे मातर खरं हाय.

राजेश्री : ऐक सृष्टे. बसायचं गोलच. पर डबा हाच न्यायचा, अन् त्यांना म्हणायचं, तुमचे बी उघडा. समद्यांचं मधी ठिवा.

सृष्टी : आणि लहान डबा बघून कुणी आलंच नाही तर?

राजेश्री : ते मला बी ठावं न्हाई, माय. जाऊनच बघावं लागतं.

महारुद्र : व्हॅन आली. हॉर्न वाजवायलाय तो.

राजेश्री : थांब. चटणी जराशी जास्त घातलीय. एवढ्यानं मॅडम काय म्हणत न्हाईत.

(संध्याकाळी, व्हॅन दारात थांबून गेल्यावर.)

राजेश्री : डबा जड का लागायलाय? खाल्लं न्हाईस?

सृष्टी : तुझं कधीच संपलं.

राजेश्री : मग आले का गं ते?

सृष्टी : आधी नाही आले. मी उघडून बसले नुसती. मग वैष्णवी लांबूनच म्हणाली, मोठा डबा कुठंय? मी म्हटलं, आज तुमचं दाखवा. तर ती लाजली. तिला रोज जॅम-ब्रेडच असतो, कंटाळलीय ती. आदिनाथला जॅमच पाहिजे होता. तो आला, मग ती आली.

महारुद्र : अन् मॅडम?

सृष्टी : त्या बघायला आल्या होत्या. चटणी चाखून गेल्या.

राजेश्री : मग ह्याच्यात काय हाय? इडली? अगं, ही तर दगडावर आपटली तर दगड फुटंल.

सृष्टी : संघप्रियाची आहे. तिच्या बाबांनी केली. तिची आई परवा नांदेडला ट्रेनिंगला गेली. संघप्रिया डबा उघडतच नव्हती आज. आम्हीच उघडला. सगळ्यांनी अर्धी अर्धी खाल्ली, ही एक उरली.

महारुद्र : चला, माझ्या जोडीला एक जण भेटला.

राजेश्री : तुमी हसू नका. खाल्ली कशी गं लेकरांनी?

सृष्टी : चटणीसंगं चालती. पण संघप्रियानं जास्त नाही खाल्लं.

राजेश्री : तिची आई कवा येणार हाय?

सृष्टी : लय दिवसांनी, म्हणाली.

राजेश्री : बरं. तवर एक धपाटं जास्त घालत जाईन. कुणासाठी हाय, ते तिला सांगू नको.