ह्यांची दाढ

ह्यांना नका विचारू म्याडम, मला विचारा — तुमच्या सुईनं जीभ जड झालीय ह्यांची, आता अर्धा तास तरी ह्या तोंडातून शब्द निघायचा नाय, आन् तीस वर्षांत असा अर्धा तास मला पयल्यांदाच भेटलाय. काय म्हनलात? दाढंचं भोक लय मोठं हाय, हिरडी वाढून त्याच्यात शिरलीय, ती कापायची, आतलं साफ करून वर टोपी बसवायची, म्हंजे दाढ वाचंल? नको. वाचवू नका. उपटा. लग्नाची बायको हाय मी, सही कुठं करायची तेवढं दाखवा.

असं बघू नका माझ्याकडं. माझी पण दाढ दुखत व्हती, संजना पोटात व्हती तवा. लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, गाल ह्यो येवढा सुजला. म्हनलं, नाशिकला दाखवू. तर हे काय म्हनले? बाईच्या एका दातासाठी कुनी नाशिकला जातं का! नांदगावच्या बाजारात एक जण पोत्यावर पक्कड घेऊन बसायचा, त्याच्यापुढं बसवलं मला. सुई नाय, काय नाय. आन् हे हसत व्हते — बघा, बघा कशी वरडती! दुखरी ऱ्हायली बाजूला, त्यानं चांगली उपटली. मग दुखरी. तवापासून माझं नाव बोळकी. पाव्हण्यांपुढं बोळकी, जावयापुढं बोळकी — बोळके, च्या आन! मी आणला. आणतच ऱ्हायले.

ह्यांचं कधीपासून दुखतंय? दिवाळीपासून सांगितलं का तुमाला? खोटं हाय ते. उन्हाळ्यातच म्हनले, बोळके, मोबाईलची बॅटरी धर, आत बघ जरा. बघितलं — काळं भोक, आन् कडेनं तांबडं मांस आत सरकाया लागलेलं. मी म्हनलं, काय नाय, शेंगदाणा अडकलाय. रोज बघायला लावायचे. रोज ते वाईच वाढलेलं असायचं, आन् रोज मी म्हनायची, शेंगदाणाच हाय. खोटं कशाला बोलू म्याडम, त्या दिवसांत मला भाकर लय गोड लागायची —

काय बोलून गेले मी? ऐकलं का त्यांनी? जीभच बधिर झालीय व्हय — कान नाय?

बरं झालं. ऐकू द्या. आता बघा, तोंड गच्च मिटून घेतलंय, माझा पदर धरून बसलेत. सोडा पदर. — काय? वाचणारी दाढ तुमी उपटत नाय? मग नका उपटू, तुमच्या हाताला पाप नको. कापा ती हिरडी. मी भाईर जाणार नाय, हितंच उभी ऱ्हाणार, बघणार. — सोड पदर म्हनते ना.

गोरक्ष, तोंड उघड.