तात्या ‘खाणारं’ म्हणाले होते

आबा, काकू, कऱ्हाटीतले सगळे जण,

मला बोला म्हणालात. लिहून आणलंय, ते वाचणार नाही. माझ्या लिहिण्यानंच घोटाळा केलाय.

मी गौरी. बारामतीच्या कॉलेजात झूलॉजी शिकते. वर्षभर दर रविवारी एसटीनं यायचे, तुमच्या पाझर तलावाचं पाणी बाटलीत भरून न्यायला. महादूतात्या तलाव राखायचे. काठावरून ओरडायचे, “आली का इंग्लिशबाई! आज किती किडं मोजायचं?” परवा माझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. तात्या झोपेतच गेले. मी दोनदा विचारलं, कुठले तात्या?

मला त्यांच्या चांगुलपणावर बोलायचं होतं. पण आज दुसरंच बोलावं लागणार आहे. काकू, तुमच्या धन्याच्या शोकसभेत हे काढतेय, माफ करा.

मच्छीमार संस्थेनं तलावात सोडलेला कटला मासा वाढत नव्हता. आबा, संस्थेचे अध्यक्ष म्हणून तुम्ही मला विचारलंत, शिकलेल्या आहात, सांगा. मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “तळ्यात खाणारं कमी झालंय, बाई.”

मी वहीत लिहिलं, फूड इज लेस.

खाणारं. खाणं. तुम्हाला फरक लगेच कळतो. मला नाही कळला. आणि वर मी त्यांना वाचून दाखवलं, तेही इंग्लिशमध्ये! “फूड इज लेस, बरोबर ना तात्या?” ते हसले. “व्हय व्हय, तू म्हणतीस तसंच.”

मग माझा रिपोर्ट आला. खाणं कमी आहे, तर शेण टाका. तुम्ही ट्रॉलीभर शेण टाकलंत. आता काय होतंय? पहाटे मासे वर येऊन तोंड वासतायत. आणि तुम्ही म्हणताय, शेण कमी पडलं. दुसरी ट्रॉली भरून बांधावर उभी आहे. येताना बघितली मी. ती उद्या सकाळी रिकामी होणार आहे.

हो काका, ऐकलं मी. शोकसभेत शेणाचं काय, असंच ना? पण उद्यानंतर बोलून काय उपयोग?

तात्यांचं ‘खाणारं’ म्हणजे मरळ, दुसरे मासे खाणारा मासा. कटल्याची पिल्लं खाते म्हणून गेल्या उन्हाळ्यात आपण ती पकडून संपवली. मरळ गेली, तशी बारीक मासळी बेसुमार वाढली. तिनं पाण्यात उड्या मारणारे बारके किडे फस्त केले. कटल्याला तेच किडे लागतात. आणि तेच किडे पाण्यातलं हिरवं शेवाळ खायचे. पूर्वी मोजता मोजता माझे डोळे दुखायचे. आता बाटलीत एक सापडत नाही. हिरव्याला खाणारं कुणी उरलं नाही, आणि त्यात आपण शेण घातलं. दिवसा पाणी हिरवंगार. पण रात्री तेच हिरवं पाण्यातली हवा ओढून घेतं, आणि पहाटेपर्यंत श्वास घ्यायला काही उरत नाही.

मेंढरं राखलेल्या तात्यांनी हे सगळं मला नंतर दोन वाक्यांत सांगितलं. “लांडग्याला आमी जल्मभर शिव्या दिल्या, मरळीला न्हाय देणार. ती नसली की ही मासळी तळं चरून बोडकं करती, मेंढरांनी माळ केल्यासारखं.”

माझ्यावर विश्वास नका ठेवू. त्यांच्या गोठ्यामागे दोन हौद आहेत, ते बघा. दोन्हीत त्यांनी तलावाचंच पाणी भरलं, बारीक मासळी सोडली. एकात शिवाय हातभर लांब मरळ सोडली. त्या हौदाच्या तळाचा दगड दिसतो. दुसऱ्यात बुडवलेला हात दिसत नाही.

गेल्या रविवारी त्यांनी मला तिथं नेलं. म्हणाले, “मी खाणारं म्हनलो हुतो, बाई. खाणं न्हाय.” मला रडू फुटलं. तर म्हणाले, “गप. कुणाला बोलू नगं. शिकायचं वय तुझं, नाव खराब हुईल. मीच ग्रामसभेत सांगतो, म्हातारा चुकीचं बोलला म्हणून.”

ग्रामसभा झालीच नाही. त्याआधी ते गेले.

आता हे मला एकटीलाच माहीत आहे. दोन रात्री मी विचार करतेय. गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? मासे मेले तर लोक म्हणतील, महादूनं चुकीचं सांगितलं. आणि ते नाही म्हणायला इथं नाहीत. असं होऊ द्यायचं का?

आबा, ती ट्रॉली शेतात न्या. तलावात नको. बारीक मासळी जाळ्यानं काढू, मरळ परत सोडू. मी रोज येईन. मासे वाचतीलच, असं मी म्हणू शकत नाही. उशीर झाला असेल. मला खरंच माहीत नाही.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. त्यानंतर आबा, फक्त हो किंवा नाही सांगा.

तात्या, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी चुकीचं ऐकलं. सगळ्यांसमोर सांगते, आणि तुमच्या पाया पडते.