देवाच्या चालीत

वाचा-उपचाराच्या दवाखान्यात एका बाकावर दोन बायका बोलत होत्या. एकीचा नवरा गप्प बसला होता.

"काय झालं हो यांना?"

"पक्षाघाताचा झटका आला. तीस वर्षं कंडक्टर होते, आता साधं 'पाणी' म्हणता येत नाही."

"अगं बाई! देवाचा राग नाही येत?"

"येतो की. रोज भांडते त्याच्याशी. पण हे सकाळी देवाची स्तुती गातात, तेव्हा एक शब्द अडत नाही!"

"बोलता येत नाही आणि गाता येतं?"

"हो ना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही हवं असेल तर त्याच चालीत मागा."

"मग मागतात?"

नवऱ्याने डोळे मिटून सूर लावला. "देवा, तुझे उपकार थोर... हिला जरा गप्प कर!"

सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. "ऐकलंत? काल स्वतःचे दोनच शब्द जुळले होते. आज अख्खं वाक्य!"