लेन्सवरची तिसरी काडी

नाव पहिल्या पानावर घेतलं आहे. वय बावीस. शिक्षण चौथीपर्यंत. काम फोटो स्टुडिओत झाडलोट, आणि फोटोला आलेल्या लहान मुलांना खुळखुळा वाजवून हसवणं. राहणार स्टुडिओच्या मागच्या अंगणापलीकडची खोली.

मी पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते, की काल रात्री मी झोपले नाही. दाराला पेटी लावून, मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिले. कारण आमच्या कुलूपबंद खोलीत कोणीतरी येऊन गेलं आहे. मुलगी आठ महिन्यांची. नवरा ट्रकवर असतो, सध्या बाहेरगावी आहे.

स्टुडिओ मास्तरांचा, खोलीही त्यांचीच. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्यांच्याकडे. ते एकटे माडीवर राहतात. रीळवाल्या कॅमेऱ्याचं जुनं सामान ते टाकत नाहीत. एक लांब जुनी लेन्स आहे, ती मधे कडी घालून नव्या कॅमेऱ्याला बसवतात. गिऱ्हाइकाला म्हणतात, "सून नवी, सासू जुनी. मी मधे पडून नांदवतो." सगळे हसतात. मीपण हसायचे.

ती लेन्स कॅमेऱ्यासकट माडीच्या मागच्या खिडकीत तीन पायांच्या तिकाटण्यावर असते. पक्ष्यांचे फोटो काढतो, म्हणतात. जुनी असल्यामुळे तिचा फोकस आपोआप होत नाही, हातानं फिरवावा लागतो. मास्तरांना नजरेचा त्रास आहे. म्हणून फिरवायच्या जागी त्यांनी आगकाडीचे तुकडे चिकटपट्टीनं लावलेत, अंगठ्याला लागावेत म्हणून. मला त्यांनीच दाखवलं होतं. पहिली काडी अंगणाच्या भिंतीवर पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीची, दुसरी झाडाच्या फांदीची. काडीपर्यंत फिरवलं की ती जागा स्वच्छ दिसते.

परवा दुपारी धूळ पुसताना तिथं तिसरी काडी दिसली. चिकटपट्टी नवी होती. मास्तर खाली गिऱ्हाइकात होते. मी कॅमेऱ्याला डोळा लावून तिसऱ्या काडीपर्यंत फिरवून बघितलं. वाटी पुसट झाली, फांदी पुसट झाली. मागे माझी खिडकी आली. पाळण्याच्या दोरीचे पीळसुद्धा मोजून घ्यावेत इतकी स्पष्ट. मी परत होतं तसं फिरवून ठेवलं.

संध्याकाळी खिडकीला चादर बांधली. काल सकाळी मास्तर मान वर न करता म्हणाले, "चादर कशाला लावलीस गं? पोरीला उजेड नको का?" ती खिडकी रस्त्यावरून दिसत नाही, माडीवरूनच दिसते.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला समोरचा माणूस धड दिसत नाही, तो काय बघणार तुला? उगाच खोली घालवशील."

मुलगी दिवसभर स्टुडिओत माझ्यासोबत असते. काल कामावरून येऊन कुलूप उघडलं, तिला पाळण्यात टाकलं, तर ती रडायला लागली. दुपट्याखाली काहीतरी टोचत होतं. त्या लेन्सचं झाकण निघालं. पत्र्याचं, कडेला पोचा आहे. गेले काही दिवस मास्तर तेच शोधत होते. मलाही दोनदा विचारलं, "बघ गं, कुठं पडलंय का." दुपटं मी काल सकाळीच झटकून घातलं होतं.

इथं आल्यावर जमादार म्हणाले, मास्तर आमच्या ओळखीचे आहेत, आरोपींचे फोटो तेच काढतात, सज्जन माणूस. त्यांनीच फोन करून मास्तरांना बोलावलं. मुलगी परक्या माणसाला बघून रडते. मास्तर दारातून आत आले तेव्हा तिनं हात पुढे केले. स्टुडिओत ते तिला कधी घेत नाहीत.

झाकण मी टेबलावर ठेवलं होतं. आता ते मास्तरांच्या हातात आहे. ते बाहेर बाकावर बसलेत. जमादार म्हणतात, तेच तुम्हाला घरी सोडतील.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तेच लिहिलं आहे. खाली अंगठा नको म्हणाले म्हणून सही करते.

पुढचं जबाबात बसत नाही असं जमादारांनी सांगितलं, तरी मी लिहा म्हटलं. माझा फोन खोलीत राहिला आहे. भावाचा नंबर पाठ आहे, तो पहिल्या पानावर दिला आहे. जो कोणी हे वाचेल त्यानं त्याला फोन करावा. म्हणावं, ताई त्या खोलीत परत जायला तयार नाही, पण मास्तर तिला तिथंच नेतायत. तू ये.