चौदा नंबरचा दगड

(शाहूवाडीच्या एका खोऱ्यात सायकलवाल्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी मिळून एक नवी वाट होते आहे. त्या कामावरची इंजिनिअर पूर्णिमा, गावातली धोंडुबाई आणि तिचे दीर आकाराम एका शेंदरी दगडापाशी उभे आहेत.)

धोंडुबाई : म्हंजे सरळ चाललेली वाट हितं येऊन वाकडी झाली, ती ह्या देवामुळं?

पूर्णिमा : हो आज्जी. देवस्थान मधे आलं, म्हणून वाट ओढ्याकडनं वळवली.

धोंडुबाई : आनि ओढ्याकडं माझा तरवा हाय. भाताचं रोप मी कुठं टाकायचं? सायकलीवर?

पूर्णिमा : ती पट्टी सरकारी आहे.

धोंडुबाई : आसंल की. तीस वर्सं माझं रोप तिथंच उगवतंय, त्ये सरकारला ठावं न्हाय. पान्याची दुसरी जागा न्हाय मला. रोपच न्हाय तर वरच्या वावरात लावू काय? वरीसभर घरात खायाचं काय?

पूर्णिमा : मग खरं सांगते. हा देव नाही. गेल्या उन्हाळ्यात मोजणीला आलो, तेव्हा खुणेचा दगड मीच रोवला. तांबडा रंगही मीच फासला. शेंदूर खरवडलात तर खाली चौदा नंबर निघेल.

आकाराम : काय बोलताय म्याडम. माझा आज्जा ह्या देवाला कोंबडं द्यायचा. आमोशाला.

पूर्णिमा : आकारामकाका, दगड आमच्या गाडीतनं आला.

आकाराम : दगड तुमच्या गाडीतनं आला आसंल. देव कशातनं आला, त्ये तुमास्नी काय ठावं?

धोंडुबाई : भावजी, तुमचा आज्जा कोंबडं द्यायचा त्ये खालच्या पाणंदीतल्या म्हसोबाला.

आकाराम : व्हय? मग हितं कोण द्यायचं? मी तर लिवून दिलंय, देव लई जुना हाय म्हणून. गावानं सह्या केल्यात.

धोंडुबाई : हितं कोण न्हाय द्यायचं. पयला नारळ मीच फोडला. तांबडा दगड दिसला, हात जोडलं. मागनं चिमणाबाईनं शेंदूर लावला. घंटा कुणी बांधली, देव जाणे.

पूर्णिमा : कोल्हापूरचे सायकलवाले इथवर येतात ना, तेही हेल्मेट काढून पाया पडतात. परवा मीच चप्पल काढली. नंबर माझ्या हातचा, आणि मीच चप्पल काढली.

धोंडुबाई : शिकल्याली तू. तुला कळंना, मग मला कसं कळावं?

पूर्णिमा : तुमचं काम सोपं आहे आज्जी. पहिला नारळ तुमचा, तर तुम्हीच लिहून द्या, हा देव नाही, मोजणीचा दगड आहे. उद्या दगड काढतो. वाट सरळ जाईल, तरवा वाचेल.

आकाराम : वैनी, आंगठा देऊ नगासा. गाव तोंडात शेण घालंल.

धोंडुबाई : गाव मला रोप आणून देतंय व्हय? भावजी, तुमाला एक सांगतो. आमच्या सुनंला, अनुजाला, धा वर्सं पोर नव्हतं. त्या नारळाला मी त्येच मागितलं हुतं.

आकाराम : मग झालं की. पोरगं मांडीवर हाय. आजून काय पायजे देवाला?

धोंडुबाई : डाक्टरची औषधंबी चालूच हुती की. कुणाच्या हातनं झालं, कसं वळखायचं? इचार करून डोस्कं भणाणलंय. देव न्हाय म्हणावं तर नातू दिसतोय, हाय म्हणावं तर तरवा जातोय.

पूर्णिमा : मग आज्जी, मी काय लिहू?

धोंडुबाई : लिव. देव न्हाय म्हणून लिव. कुठं उठवू आंगठा?

पूर्णिमा : इथं, खाली. झालं. उद्या सकाळी माणसं पाठवते.

धोंडुबाई : उद्या नगं बाय. परवा पोराला सव्वा म्हैना भरतोय. त्येला ह्याच्या पायावर घालून नेतो, मग उपटा.