खिळ्याची परवानगी

मृत्युपत्रं नोंदवायच्या रांगेत शिंपी कंटाळला होता. पुढच्या मावशी-भाच्याचं बोलणं ऐकून त्याने कान टवकारले.

“मावशी, घर गावाच्या निधीला लिहून दिलंस, मग राहणार कुठे?”

“घरातच. मी गेल्यावर निधीवाले ते विकून गावातल्या पोरींना शिकवतील.”

“मग आज घर कोणाचं?”

“माझाही तोच घोळ झाला बघ. भिंतीला खिळा ठोकायचा होता, म्हणून निधीच्या बाईंना फोन करून परवानगी मागितली.”

“स्वतःच्याच घरात?”

“कागदावर सही केली होती ना! त्या हसल्या. म्हणाल्या, आजी, तुम्ही आहात तोवर घर तुमचंच.”

“बरोबरच आहे की.”

“असेल. पण लग्न होऊन आले तेव्हापासून असं मला कोणी म्हटलंच नव्हतं रे.”

“आणि खिळा?”

“चार ठोकले.”